फ्रीझरची विश्रांती

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं. त्याच गावात, आमच्या लॅबच्या एका कोपऱ्यात कायम उणे बावीस अंश असतं. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसाच आडवा पांढरा फ्रीझर आहे. तो आला त्या आठवड्यात शेजारच्या रसायनशास्त्र विभागातली मुलं दारातून डोकावून विचारायची, "कुल्फी आहे का?" मी नुसतं हसायचे. कुल्फी नाही तर काय आहे, हे मराठीत सांगायला मला जमलं नसतं आणि इंग्रजीत सांगितलं असतं तर ती मुलं पुन्हा आली नसती. तशीही ती नंतर आली नाहीतच.

फ्रीझरमध्ये सिलिकॉनच्या चकत्या होत्या. नखाएवढ्या, एका बाजूने आरशासारख्या चकचकीत. परदेशात एका मोठ्या प्रयोगात कण एकमेकांवर आपटतात आणि त्यातून जे उडतं ते टिपायला अशा असंख्य चकत्या लागतात. पण ज्याला टिपायचं त्याच्याच माऱ्याने त्या हळूहळू खराब होत जातात. किती खराब होतील याचा अंदाज आधी यावा म्हणून काही चकत्यांवर मुद्दाम, थोडक्या वेळात, कित्येक वर्षांचा मारा करून घेतात आणि मग त्या लहानमोठ्या लॅबमध्ये मोजायला पाठवतात. आमची लॅब लहानमोठ्यांतली लहान.

मार खाल्लेल्या चकतीची एक गंमत आहे. तिला ऊब मिळाली की ती सुधारायला लागते. आत जे विस्कटलेलं असतं ते थोडं थोडं जागेवर येतं. ऊब फार झाली की ती पुन्हा बिघडते, पहिल्यापेक्षाही जास्त. म्हणून मार बसल्यापासून मोजेपर्यंत तिला थंडीतच ठेवायचं, म्हणजे ती आहे तशी राहते. माझं काम होतं त्या आहे तशा चकत्या मोजण्याचं. काळ्या पेटीत, पूर्ण अंधारात चकती ठेवायची, सुईएवढ्या टोकांनी तिला स्पर्श करायचा, विजेचा दाब वाढवत न्यायचा आणि अंधारातही तिच्यातून किती प्रवाह गळतो ते बघायचं. दिवसभर मी अंधारातली गळती मोजत असे. त्या कामात कोणाशी बोलावं लागत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडायचं.

सर, म्हणजे माझे गाईड, या चकत्यांचं पार्सल उघडताना म्हणाले होते, "याचं पहिलं मोजमाप आपल्याकडून जाणार आहे. हे नीट केलंस तर पुढच्या उन्हाळ्यात तीन महिने तू तिकडे." तिकडे म्हणजे जिथे तो प्रयोग चालतो तिथे. मी "ओके सर" म्हणाले आणि वळून हातमोजे शोधायला लागले, कारण चेहऱ्यावर काय उमटलंय याची मला खात्री नव्हती. मला तिकडे जायचं होतं. फार जायचं होतं. विज्ञानासाठी, असं मी अर्जात लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. पण तिथे सगळेच एकमेकांना अनोळखी असतील आणि मी गप्प बसले तर ते कोणाला खटकणार नाही, हेही मनात होतंच. आपल्या गावात गप्प राहणं जड जातं. लोकांना वाटतं आपण स्वतःला कोणीतरी समजतो.

मी सोलापूरचीच. शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठी शब्द निघाला की बाहेर उभं करायचे आणि घरी इंग्रजी बोललं की आजूबाजूच्या काकू एकमेकींकडे बघून हसायच्या. मी दोन्ही भाषांत कमी बोलायला शिकले. आईबाबा दोन वर्षांपूर्वी पुण्याला दादाकडे गेले, त्याला मुलगी झाली म्हणून, आणि मग राहिलेच. सात रस्ता चौकामागच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. तीन खोल्यांपैकी दोन मी झाडते आणि परत दार लावून घेते. संध्याकाळी आईचा फोन येतो. "जेवलीस का?" "हो." "काय केलंस?" मी काहीतरी सांगते. बरेचदा ते खरं असतं.

लॅबमध्ये सरांखेरीज रोजचे म्हणजे मामा. विभागातल्या शिपायाला आमच्याकडे सगळे मामाच म्हणतात. किल्ल्या त्यांच्याकडे, चहा त्यांच्याकडे, बातम्याही त्यांच्याकडे. घरी टॉवेलचे यंत्रमाग आहेत, ते त्यांचा भाऊ चालवतो. फोनवर ते भावाशी तेलुगूत भांडतात, आमच्याशी मराठीत बोलतात आणि गॅस सिलिंडरवाल्याशी दखनी उर्दूत. तीन भाषांत सारखेच मोकळे. माझ्याशी मात्र जरा जपून. एकदा मी काळ्या पेटीमागे वाकून वायर लावत होते तेव्हा दाराशी त्यांचा आवाज ऐकला. कोणीतरी विचारलं होतं की नवीन मॅडम कशा आहेत.

"चांगली हाय की. पण इंग्लिश मिडियमची हाय ओ. चहा घेती, थँक्यू म्हणती, संपलं."

मी वायर पुन्हा एकदा लावली. ते बाहेर गेल्यावरच मी उठले.

फ्रीझरसाठी आम्ही सगळी तयारी केली होती. सोलापुरात वीज जाते, हे गृहीतच. म्हणून वेगळा इन्व्हर्टर. आत तापमान टिपणारं एक छोटं यंत्र, लॉगर, ते वायफायवरून माझ्या फोनवर आकडा पाठवायचं. फोनवर निळ्या पट्टीत −२२ दिसलं की मला बरं वाटायचं. रिक्षात, भाजीवाल्यापाशी, झोपण्याआधी, मी तो आकडा बघायचे. इतर मुली काय बघतात मला माहीत नाही.

दसरा जवळ आला तेव्हा मामा प्रत्येक खोलीत डोकावून सांगत होते. "खंडेनवमीला दुपारी मशीनची पूजा हाय. सगळ्यांनी यायचं. भजी हायत."

माझ्या दारात येऊन ते थबकले. "तुमी पुण्याला जाणार असाल, आईकडं."

हा प्रश्न होता की नाही, मला कळलं नाही. मी हसले. ते "बरं बरं" म्हणून गेले. त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "दसऱ्याला येशील असं वाटलं होतं. पण तुझं ते मोजायचं काम असेल ना?" मी म्हणाले, "पार्सल आलंय गं." तेही खरंच होतं. तिने स्वतःच पुढचं ठरवून टाकलं, की मला सुट्टी नाही. अशी लॅबमध्ये मी पुण्यात होते, पुण्यात मी लॅबमध्ये होते, आणि मी होते फ्लॅटवर. मुद्दाम काही केलं नव्हतं. पूजेला गेलं तर कोणाशेजारी उभं राहायचं, आरतीचे शब्द येत नाहीत तेव्हा तोंड हलवायचं की नाही, भजीची बशी घेऊन कुठे जायचं, हे सगळं मला आधीच दिसायला लागलं होतं. पुण्याला गेलं तर दादाची बायको माझ्यासाठी खोली आवरणार, भाचीला माझ्याकडे ढकलणार आणि ती रडणार.

दसरा शुक्रवारी होता, त्याला जोडून विभागाला शनिवार-रविवारची सुट्टी होती. मी दहीभात खाल्ला, दोन पेपर वाचले, गॅलरीतून खाली बघितलं. नव्या गाड्यांना हार घालून लोक देवळाकडे निघाले होते. दसऱ्याच्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी बेल वाजवून आपट्याची पानं हातात ठेवली. "सोनं घे, सोन्यासारखी राहा." माझ्याकडे परत द्यायला पानं नव्हती. मी त्यांचीच दोन पानं त्यांना परत द्यायला लागले तर त्या म्हणाल्या, "अगं तुझी तुला राहू दे," आणि पाठीवर हात ठेवून गेल्या. नंतर मी फोन बघितला. −२२. निळ्या पट्टीत, नेहमीसारखं. त्या आकड्याखाली बारीक करड्या अक्षरांत शेवटची नोंद कधीची ते लिहिलेलं असतं. ती अक्षरं मी कधी वाचत नसे. आकडा बरोबर असला की पुरे.

सोमवारी लॅबचं दार ढकललं आणि आधी वास आला. झेंडू आणि विझलेल्या उदबत्तीचा. काळ्या पेटीवर हार होता. सूक्ष्मदर्शकाला, दाब देणाऱ्या यंत्राला, संगणकाला, सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं. वायफायच्या डब्यालाही एक बोट होतं आणि त्याचे दिवे बंद होते. दाराशी फोडलेला नारळ. खोलीत इतकी शांतता होती की मला आधी फक्त इतकंच जाणवलं की काहीतरी कमी आहे. फ्रीझरची घरघर नव्हती.

त्याच्या पायाशी पाणी साचलं होतं. झाकणावर वाहिलेलं कुंकू खाली सांडून त्या पाण्यात मिसळलं होतं आणि पाणी पातळ लाल झालं होतं. झाकणावर झेंडूचं एक फूल, बरोबर मधोमध. मी झाकण उघडलं. आतली हवा बाहेरच्यासारखीच होती. बंद पाकिटं भिंतीच्या ओल्या कडेला टेकून पडली होती. पाकिटांत पाणी गेलं नव्हतं, चकत्या फुटल्या नव्हत्या. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काही झालेलं नाही.

मामा पाठीमागे येऊन उभे होते. हातात मेन स्विच असलेल्या पेटीची किल्ली. "आत्ता चालू करतो की ओ. खंडेनवमीला पूजा केली, मग सोमवारीच चालू करायचं. मधी लावलं की चालत न्हाई."

"फ्रीझर पण?" मी विचारलं.

"सगळंच. वर्षभर राबतंय. एक दोन दिवस तरी आराम नको का त्याला? आमच्या घरी माग बी बंद असतेत."

 त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. त्यांचा आवाज खाली आला. "ह्याला नव्हतं करायचं, व्हय म्याडम?"

मागच्या वर्षी फ्रीझर नव्हता. त्याआधीही नव्हता. खोलीतलं एकही यंत्र असं नव्हतं जे दोन-तीन दिवस बंद राहिल्याने बिघडलं असतं. आम्ही वीज जाण्याचा विचार केला होता, ट्रान्सफॉर्मर उडण्याचा केला होता, उंदराने वायर कुरतडण्याचासुद्धा. हात जोडून कोणी बटण बंद करेल याचा केला नव्हता. इन्व्हर्टर काही तास चालला असणार. संपत आल्यावर तो शिट्टी मारतो. त्या रिकाम्या, फुलं वाहिलेल्या खोलीत तो किती वेळ ओरडत राहिला असेल, हा विचार मला अजूनही येतो.

"पूजा किती वाजता झाली?" मी विचारलं.

"वाजता म्हणजे," मामा म्हणाले, "राहुकाळ संपल्यावर की. त्याआधी कसं करणार?"

भिंतीवरच्या कॅलेंडरात मी त्या वाराचा राहुकाळ बघितला. वहीत लिहिताना हात थांबला. मग इंग्रजीत नुसती वेळ लिहिली.

सर दसऱ्याला अक्कलकोटजवळच्या त्यांच्या गावी गेले होते, ते अजून परतले नव्हते. फोनवर मागे कानडीत कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मी सगळं सांगितलं. ते चालत बाजूला गेले, हसणं मागे पडलं. मग म्हणाले, "आधी एक मोजून बघ."

फ्रीझर थंड झाल्यावर मी एक चकती मोजली. गळती अपेक्षेपेक्षा कमी होती. संगणकावर जी रेघ उमटली ती सरळ आणि नितळ होती, अगदी जिच्यासाठी मी पहिलं वर्ष घालवलं होतं तशी. सरांना पाठवली. त्यांचा लगेच फोन आला.

"सुंदर आलंय की हे."

"हो सर. ऊब मिळालीय म्हणूनच."

"हं." मग म्हणाले, "लॉगर पण बंद होता म्हणजे. तापमानाची नोंदच नाही आपल्याकडे."

"नाही सर."

"उद्या तिकडच्यांशी ऑनलाइन मीटिंग आहे, पण मला परीक्षेची ड्यूटी आहे. तू बोल. कसं सांगायचं ते तू बघ."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. त्यांनी फक्त एक दार किलकिलं करून ठेवलं आणि ते परीक्षेला गेले. मी रात्रभर काही ठरवलं वगैरे नाही. मला इतकंच दिसत होतं की ती रेघ तशीच पाठवली तर पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडे आहे, आणि तिकडच्या प्रयोगात अशा चकत्या लावताना लोक समजतील की मार खाऊनही त्या इतक्या चांगल्या राहतात. तिथल्या कॅन्टीनमध्ये मी एका टोकाला बसलेय, कोणी मला काही विचारत नाहीये, असं चित्र मी कितीदा रंगवलं होतं. त्या चित्रात आता मी ती रेघ घेऊन बसलेली दिसायला लागले.

मीटिंग त्यांच्या सकाळी, आमच्या दुपारी. स्क्रीनवर लहान लहान चौकोनांत चेहरे. मी नेहमी कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद ठेवून ऐकत असे. वर्षभरात माझा आवाज तिथे कोणी ऐकला नव्हता. मीटिंग चालवणाऱ्या बाई प्रत्येक लॅबचं नाव घेऊन विचारत होत्या. सोलापूरचा उच्चार त्या "सोलापोर" असा करतात. सोलापोर आलं. मी आवाज चालू केला आणि आधी पंख्याचाच आवाज सगळ्यांना ऐकवला.

मग सांगितलं. फ्रीझर बंद होता. तीन दिवसांहून जास्त. चकत्या खोलीच्या तापमानाला होत्या.

"वीज गेली होती?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, भारतात हे होतं हे माहीत असल्याची.

हो म्हणणं किती सोपं होतं. पण मग पुढचा प्रश्न इन्व्हर्टरचा आला असता, त्यापुढचा आणखी कशाचा, आणि एवढं बोलायची मला सवय नाही. खरं सांगायला शब्द कमी लागतील असं वाटलं. ते चुकलं. कमी नाही लागले.

मी म्हणाले की नाही, बंद केला होता. आमच्याकडे वर्षातून एकदा यंत्रांची पूजा करतात आणि त्यांना विश्रांती देतात.

मला वाटलं माझा आवाज गेला. मग कोपऱ्यातल्या चौकोनातले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणाले, "सगळ्या यंत्रांना?"

"सगळ्या."

"फ्रीझरलाही."

"फ्रीझरलाही."

ते हसले. मग आणखी दोघं-तिघं हसले. ते हसणं कुचेष्टेचं नव्हतं, पण मी मान खाली घातली. कॅमेरा बंद होता तरी. बाईंनी विचारलं, सुरुवात कधी झाली हे कसं कळलं, लॉगर बंद होता तर? मी म्हणाले की पूजेची वेळ ठरलेली असते. राहुकाळ मी सांगितला नाही. काहीतरी आपल्याकडे ठेवावं.

बाकी सगळं फार पटकन झालं. बाई म्हणाल्या, सांगितलंत हे बरं केलंत. आता या चकत्या न तापलेल्या म्हणून धरता येणार नाहीत. ते पहिलं मोजमाप दुसऱ्या देशातली एक लॅब करेल, त्यांच्याकडे त्याच जातीच्या आहेत. सोलापूरने तापवून बघायच्या गटात यावं: थोडं तापवा, मोजा, परत तापवा, परत मोजा. त्या दुसऱ्या लॅबच्या मुलाने "थँक्स" म्हटलं. उन्हाळ्याचं कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, ते मोजमापाबरोबर गेलं होतं. पुढच्या लॅबचं नाव घेतलं गेलं. मी आवाज बंद केला. माझं बोलणं म्हणजे एकूण चहा गार व्हायच्या आतलं काम होतं.

लॅपटॉप मिटल्यावर खोलीत मी आणि फ्रीझरची घरघर. मला कोणाला तरी फोन करावासा वाटला आणि फोन हातात घेतल्यावर कोणाला ते सुचेना. आईला सांगायचं तर आधी दसऱ्याला मी कुठे होते ते सांगावं लागलं असतं.

मामा आले. दोन कप होते. ते नेहमी माझा कप ठेवून जातात. त्या दिवशी दुसऱ्या स्टुलावर बसले.

"काय म्हणले ओ तिकडचे लोक?"

"आपल्या चकत्या दुसऱ्या कामाला लावणार."

"फेकणार न्हाईत की?"

"नाही."

"मग बिघडल्या का?"

मी शब्द शोधत होते. हे मी मराठीत कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. "बिघडल्या नाहीत. म्हणजे, आधीच बिघडलेल्या होत्या. मार खाल्लेल्या. गरम हवेत राहिल्यामुळे शेक बसला आणि थोड्या बऱ्या झाल्या."

"बऱ्या झाल्या?"

"हो."

"मग बरं झालं की!"

"बऱ्या व्हायला नको होत्या मामा. आजारी होत्या तशाच बघायच्या होत्या."

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "असली कसली ओ तुमची डॉक्टरकी," ते म्हणाले. मला हसू आलं. खूप दिवसांनी आवाज करून हसले असेन, कारण माझाच आवाज मला विचित्र वाटला. मामाही हसले, पण लवकर थांबले. कपाची कड बोटाने पुसत राहिले.

"माझं नाव सांगितलं का?"

ते कंत्राटावर आहेत. हे मला माहीत होतं, पण ते त्यांच्या बोटाकडे बघताना कळलं.

"नाही. पूजा झाली असं सांगितलं."

"म्हणजे देवावर ढकललं."

"तसंच काहीसं."

"ते बरं केलं. तो कायम हाय, त्याला कोण काढणार?" ते उठले. दारातून वळून म्हणाले, "तुमी हितंच होता म्हणे सुट्टीत. सात रस्त्याला दूधवाल्यानं बघितलं. मला वाटलं पुण्याला गेलाव. माहीत असतं तर इचारलं असतं की, काय बंद करू, काय नको." आवाजात तक्रार नव्हती. "भजी बी उरली होती."

त्यानंतर हिवाळाभर मी चकत्या शेकत बसले. साठ अंशांच्या छोट्या भट्टीत थोडा वेळ ठेवायची, काढायची, गार करायची, काळ्या पेटीत घालून मोजायची. नववर्ष आलं तेव्हाही तेच चाललं होतं. जानेवारीत गावच्या मोठ्या, गड्ड्याच्या यात्रेला रस्ते बंद झाले तेव्हा मी लांबून वळसा घालून लॅबला जायचे. आलेख हळूहळू तयार झाला. आधी सुधारणा, मग एक तळ, मग पुन्हा बिघाड, पुस्तकात असतो तसाच. फक्त आमच्या आलेखाचा पहिला ठिपका शून्यावर नाही. तो अक्षापासून थोडा आत सुरू होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक आडवी रेघ आहे, कारण इन्व्हर्टर नक्की किती वेळ टिकला हे कोणालाच माहीत नाही. खाली टीप आहे: साठवणुकीदरम्यान अनियोजित तापमानवाढ. उन्हाळ्यात त्या दुसऱ्या लॅबचा मुलगा तिकडे गेला. त्याने गटाला कॅन्टीनमधला फोटो पाठवला. सगळे एकमेकांना चिकटून बसले होते आणि तो मध्ये होता, काहीतरी सांगताना हात वर केलेला. टोकाला कोणीच नव्हतं. मला हे आधी सुचायला हवं होतं.

यंदा खंडेनवमीच्या आधी मामा दारात आले तेव्हा मी त्यांच्या आधी बोलले. पुण्याला जाणार नाही म्हणाले. फ्रीझरचं बटण वेगळं काढून घेऊ या का?

"इलेक्ट्रिशियनला कालच सांगितलंय की ओ," ते म्हणाले. "पण एकट्याला चालू ठेवायचं म्हणजे कुणीतरी बसायला पाहिजे त्याच्यापाशी. तसं बरं दिसत न्हाई."

असा नियम कुठे आहे मला माहीत नाही. तो त्यांनी त्याच क्षणी केला असावा. आईला मी फोनवर सांगितलं, लॅबमध्ये पूजा आहे, मला थांबायचंय. ती म्हणाली, "मागच्या वर्षीसारखंच का?" मी म्हणाले, "नाही, मागच्या वर्षी मी घरी होते." पलीकडे भाचीचा आवाज येत होता. आईने दार लावलं तसा तो कमी झाला. मग तिने विचारलं, "एकटीच?" आणि मी हो म्हणाले.

राहुकाळ संपल्यावर पूजा झाली. मी रसायनशास्त्रातल्या एका मुलीशेजारी उभी राहिले. आरतीला तोंड हलवलं नाही, टाळ्या वाजवल्या. भजी खाल्ली. मामांनी एकेक बटण बंद केलं, फ्रीझरला हळदीकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि त्याचं बटण तेवढं सोडलं. मग सगळे आपापल्या घरी गेले. मामांनाही जायचं होतं, घरच्या मागांची पूजा राहिली होती. किल्ली माझ्याकडे देऊन ते म्हणाले, "अंधार व्हायच्या आत जावा."

मी स्टूल ओढून बसले. लॅबमध्ये दुसरा कसलाही आवाज नव्हता. कधी नसतो इतका नव्हता. थोड्या वेळाने फ्रीझरची घरघर एकदम थांबली आणि मी दचकून उठले. मग आठवलं की आत पुरेसं थंड झालं की तो आपणहून थांबतो, नेहमीच. मी तरीही उभीच राहिले. झाकणावरचं फूल किंचित हललं, घरघर परत सुरू झाली, तेव्हा बसले.